अप्पर, डिप्पर आणि चाकणची वाट

दिवाळी अंकातला प्रवासलेख म्हटला की वाचकांच्या डोळ्यांसमोर दाल सरोवर उभे राहते. निदान कोकणातली एखादी खाडी तरी येतेच. पिंपरी-चिंचवडचे प्रवासवर्णन वाचायला मिळेल, अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. मुंबईहून पुण्याला येणारा पाहुणा या गावांपाशी आला की घड्याळाकडे पाहतो आणि पुण्याहून मुंबईला निघालेला पेट्रोलच्या काट्याकडे. ही गावे ओलांडण्यासाठी असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण मी गेली तीस-पस्तीस वर्षे चिंचवडला राहतो. हा मुलूख मी उन्हात पाहिला, पावसात पाहिला आणि गेल्या वर्षी, एका घरगुती निमित्ताने, रात्री नीट पाहिला. त्या रात्रीच्या मुलुखाची ही हकीकत आहे. तिच्यात थोडी तारांची आणि नटबोल्टांची भानगड येईल. गृहिणींनी ते पान उलटू नये, कारण त्या भानगडीतला मुख्य सल्ला एका गृहिणीचाच आहे.

चिंचवड हे मोरया गोसावींचे गाव. पवनेच्या काठी त्यांची समाधी आहे आणि संकष्टीला आजही तिथे रांग लागते. चापेकर बंधूंचा वाडा याच गावात; 1897 साली रँडच्या वधाने सारा देश हादरला, त्याचा धागा या वाड्यापर्यंत येतो. पुढे 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि पेनिसिलिन या माळावर तयार होऊ लागले. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1966 साली टेल्कोने इथे पाय रोवले. सुमंत मुळगावकरांनी त्या उघड्याबोडक्या माळावर कारखान्याबरोबर झाडे लावली, तळे केले. आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी झाल्या. 1982 साली महापालिका आली, तोपर्यंत जोंधळ्याची शेते नकाशावरून निघून गेली होती. मग हा पट्टा भोसरी, तळवडे असा सरकत सरकत इंद्रायणी ओलांडून चाकणला पोहोचला. 2009 साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तिथे सुरू झाले आणि कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे नाव जर्मनीत ठाऊक झाले.

कारखान्याला रात्र नसते. पहिली पाळी सुटते, दुसरी लागते, दुसरी सुटते, तिसरी लागते. मोठ्या फाटकांसमोर पांढरा लख्ख उजेड असतो. पण फाटकापासून अर्धा मैल पुढे गेलात की अंधार तोच, जो शिवकाळात होता. त्या अंधारातून कंटेनर जातात, नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रक जातात, पाळीच्या बसगाड्या जातात. आणि त्यांच्या कडेकडेने सायकलवाला, चालणारा, डब्याची पिशवी हँडलला अडकवलेला मोटरसायकलवाला, असा सगळा संसार जातो. गंमत अशी, की मोटारीचे दिवे घडवणारे कारखानेही याच पट्ट्यात आहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

माझी धाकटी बहीण नारायणगावला दिलेली आहे. दर भाऊबीजेला आम्ही सकाळी निघतो आणि रात्री परततो. साठ-सत्तर किलोमीटरचे अंतर. चाकण, राजगुरुनगर, मंचर अशी वाट. जाताना काही वाटत नाही. येताना मात्र आमची 2012 सालची इंडिका आपल्या मिणमिणत्या डोळ्यांनी रस्ता चाचपीत चालते. इंडिका जन्माने पिंपरीचीच, नंबरही एमएच 14, त्यामुळे तिच्याविषयी वाईट बोलणे म्हणजे माहेरच्या माणसाची निंदा. पण वयोमान कोणाला चुकले आहे?

बहिणीचा मुलगा चाकणला एका टूलरूममध्ये आहे आणि राहायला आमच्याजवळच चिखलीला असतो. त्याला मी म्हणालो, “दोन जादा दिवे बसवून घेऊ या का पुढे?”

“घेऊ या, मामा,” तो म्हणाला, “पण आधी हिशेब करू.”

टूलरूमची माणसे हिशेबाशिवाय पाणीही पीत नाहीत. त्याने माझ्यासमोर कागद ओढला. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. समोर काही दिसले, ते काय आहे हे डोक्यात शिरले आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद गेले. म्हणजे 33 मीटर. त्यानंतर चाके थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर आणखी चाळीसेक मीटर. एकूण सत्तरच्या पुढे. आणि दिवा खाली, म्हणजे ज्याला आपण डिपर म्हणतो त्यावर, असताना साध्या हॅलोजन दिव्यात माणूस स्पष्ट दिसतो तो साधारण पन्नास-साठ मीटरवर. “म्हणजे मामा,” तो म्हणाला, “डिपरवर ऐंशीने जाणारा माणूस शेवटचे वीस मीटर देवाच्या भरवशावर जात असतो.”

“मग साठने जावे,” आत स्वयंपाकघरातून आवाज आला. हिशेबाचे खरे उत्तर तेच होते. साठच्या वेगाला पंचेचाळीस-पन्नास मीटर पुरतात. पण रिकाम्या रस्त्यावर, अप्पर लावूनही, आमच्या गाडीला पुढचे धड दिसत नव्हते, हेही खरे होते.

तेव्हा पहिले काम म्हणजे जुने दिवे तपासणे. हा भाग कोणी सांगत नाही, कारण यात कोणाचा धंदा होत नाही. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी आणि धुरकट झालेली असते. ती बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून, पॉलिश लावून साफ करता येते. दुसरे म्हणजे, दिव्यापर्यंत वीज पुरी पोहोचते की नाही ते पाहावे. तारेची टोके गंजली की वाटेत व्होल्ट गळतात, आणि तंतूच्या दिव्याचे गणित मोठे क्रूर आहे: दाब दहा टक्के घटला तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. एवढे केल्यावर आमच्या इंडिकेचे डोळे बरेच उजळले. मोतीबिंदू काढल्यासारखे वाटले. तरीही लांबचे दिसण्यासाठी जादा दिवे घ्यायचे ठरले.

खरेदीला आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांनी इथे बाजार उभा केला, आणि आज शगुन चौकाच्या आसपास मिळत नाही अशी वस्तू सांगणे कठीण. मोटारीच्या सामानाच्या एका दुकानात दुकानदाराने आमच्यासमोर दिव्यांची आरास मांडली. निळे, पिवळे, पांढरे, एकाच डब्यात बावीस ठिपके असलेले, आणि एक तर असे, की ते लावून गाडी नेली तर विमान उतरायचे.

“हे घ्या साहेब. समोरचा बाजूलाच होतो,” दुकानदार म्हणाला.

“तो बाजूला होत नाही हो, त्याला दिसेनासे होते,” भाचा शांतपणे म्हणाला. त्याच्या या बोलण्यामागे काय होते ते मला त्या दिवशीच समजले. मागच्या पावसाळ्यात दुसरी पाळी संपवून तो मोटरसायकलवरून घरी येत होता. समोरून असाच एक पांढरा आगीचा लोळ आला. क्षणभर रस्ता, कड, पुढचे सगळे नाहीसे झाले. हा अंदाजाने डावीकडे सरकला आणि गाडी कडेच्या चिखलात उतरली. गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावले. आईला त्याने हे सांगितलेले नव्हते. “मामा, त्या गाडीवाल्याला कळलेसुद्धा नसेल,” तो म्हणाला. “त्याला तर लख्ख दिसत होते.”

डोळ्यांवर झोत पडला की बाहुली आकसते, आणि झोत गेल्यावर पुन्हा अंधारात दिसू लागायला काही सेकंद लागतात. वय वाढते तसा हा काळ वाढतो. ताशी साठने जाणारा माणूस चार सेकंदांत सदुसष्ट मीटर जातो. तेवढी वाट तो आंधळ्यासारखी चालतो.

तर दिवे दोन जातींचे असतात. एक फॉग लॅम्प, म्हणजे धुक्याचा दिवा. त्याचा झोत आडवा, पसरट आणि आखूड. तो खाली बसवतात, आणि रस्त्याची कड व पांढरी रेघ तेवढी दाखवणे हे त्याचे काम. दुसरा ड्रायव्हिंग लॅम्प. त्याचा झोत अरुंद आणि लांब, आणि त्याने फक्त अप्परच्या सोबतीनेच पेटायचे असते. भाच्याने दिव्यांच्या काचा उलटसुलट करून वाचायला सुरुवात केली, तेव्हा दुकानदाराला वाटले किंमत शोधतो आहे. तो खुणा शोधत होता. युरोपच्या नियमांप्रमाणे तपासलेल्या दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा आकडा असतो. 1 म्हणजे जर्मनी, 2 फ्रान्स, 3 इटली. धुक्याच्या दिव्यावर ‘बी’, हॅलोजनच्या लांब पल्ल्याच्या दिव्यावर ‘एचआर’. ज्या दिव्यावर काहीच खूण नाही, त्याचा झोत कुठे पडेल हे त्याच्या कर्त्यालाही ठाऊक नसते. शेवटी 55 वॅटच्या, खूण असलेल्या, साध्या गोल दिव्यांची एक जोडी आम्ही घेतली. दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने आमच्या जुन्या हेडलाइटमध्ये एलईडीचे बल्ब घालून देण्याचाही आग्रह केला होता. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या आरशात भलताच बल्ब बसवला की उजेडाची जागा बदलते आणि झोत विस्कटून समोरच्याच्या तोंडावर जातो.

कायद्याचेही थोडे पाहून घ्यावे लागते. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. 1989 च्या केंद्रीय नियमांनी पुढच्या बाजूला सर्चलाइट-स्पॉटलाइट लावायला मनाई केली आहे आणि समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा वापरायलाही. दिवे कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या जोडणीने असावेत याचे एआयएस 008 नावाचे मानक आहे. तेव्हा आपल्या गाडीला काय चालेल हे परिवहन कार्यालयात जाऊन विचारून घ्यावे; मीही विचारून आलो. “सगळेच लावतात हो” हे दुकानदाराचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

दिव्यांची ही चिंता काही आजची नाही. पहिल्या मोटारींना कार्बाइडचे दिवे होते. चुन्यासारख्या खड्यांवर पाणी ठिबकायचे, त्यातून वायू निघायचा आणि तो जळायचा. 1913 साली जर्मनीत बॉशने डायनामोसह विजेच्या दिव्यांचा संच आणला. पुढच्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तंतू घालण्याची युक्ती निघाली: एक लांबचा, एक खालचा. म्हणजे उजेड वाढवण्याची सोय झाली, तिच्यामागोमाग तो आवरण्याचीही करावी लागली. 1962 साली युरोपात हॅलोजन आला आणि 1971 साली एकाच हॅलोजनमध्ये दोन तंतू बसले. आमच्या लहानपणी अँबेसेडरचा डिपर डाव्या पायाशी असे; समोरून गाडी आली की वडीलधाऱ्या चालकाचा पाय आपोआप टक्कन खाली जाई. त्या आवाजात एक रामराम होता.

रविवार उजाडला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही बॉनेट उघडले आणि पाच मिनिटांत सल्लागार मंडळ भरले. उघडे बॉनेट आणि जळती शेगडी यांच्याभोवती माणसे का जमतात, हे एक कोडेच आहे. तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ खुर्ची घेऊनच आले. एक म्हणाला, तार सरळ बॅटरीला लावा. दुसरा म्हणाला, सरळ हेडलाइटला जोडा. तिसऱ्याने दोघांच्याही गाड्यांचा इतिहास काढला.

भाच्याने कोणाचे ऐकले नाही. प्रथम त्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढून बाजूला ठेवला. बंपरच्या मागे पत्र्याला भोक पाडून, गंज चढू नये म्हणून तिथे रंगाचा हात दिला आणि वॉशर घालून दिवे घट्ट बसवले. सैल दिवा खड्ड्यात हलतो आणि झोत झाडांवर जातो. मग वायरिंग. दोन दिवे मिळून 110 वॅट, म्हणजे बारा व्होल्टला नऊ अँपियरच्या वर. एवढा भार डॅशबोर्डवरच्या नाजूक बटनातून नेला तर बटन वितळते, कधी तारही पेटते. म्हणून मध्ये रिले घालायचा. रिले म्हणजे वाड्यावरचा कारकून: धनी हळूच मान हलवतो, आणि हा दार उघडतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अडीच चौरस मिलिमीटरची जाड तार, बॅटरीजवळच 15 अँपियरचा फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरच्या पायाला, आणि 87 मधून दिव्यांना. दिव्यांची अर्थ पत्र्यावरचा रंग खरवडून पक्की करायची. पत्र्यातून तार नेताना रबरी बूच घालायचा, नाहीतर धार तारेचे कातडे सोलते.

खरी मेख पुढे होती. रिलेच्या आतल्या गुंडाळीला, म्हणजे 85 आणि 86 ला, पाव अँपियरहूनही कमी वीज लागते. ती कुठून घ्यायची? तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “बॅटरीवरून घ्या. वाटेल तेव्हा लावता येतील.”

“म्हणूनच नको,” भाचा म्हणाला. त्याने टेस्टरने अप्परची तार शोधून काढली आणि गुंडाळीचे एक टोक तिला दिले. दुसरे टोक डॅशबोर्डवरच्या बटनातून अर्थला. आता बटन चालू असले तरी अप्पर असेल तेव्हाच हे दिवे पेटणार. समोरून कोणी आले, आपण डिपर दिला, की हेडलाइट खाली जातो आणि त्याच क्षणी हे दोघेही विझतात. वेगळे बटन शोधायचे नाही, आठवण ठेवायची नाही.

गॅलरीतून हे सगळे पाहणारी आमची सौभाग्यवती तेव्हा बोलली. “अहो, हे बरे केले त्याने. माणसाच्या चांगुलपणावर सोडले असते, तर तो दमलेला असताना, भांडून निघालेला असताना, घाईत असताना कुठून आणायचा चांगुलपणा? तारेतच बांधून टाकला, हे उत्तम.”

यावर सल्लागार मंडळ प्रथमच गप्प झाले. (नव्या गाड्यांच्या मालकांसाठी एक सूचना: तुमच्या गाडीत दिव्यांचा कारभार एका छोट्या संगणकाकडे असतो. तिथे तारा खरवडू नका. कंपनीच्या जाणकाराकडूनच काम करून घ्या.)

संध्याकाळी झोत जुळवणे. पंचवीस फुटांवर सोसायटीची भिंत, मध्ये सपाट फरशी. दिव्याचा मध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर उंच. भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीची आडवी रेघ आणि दोन दिव्यांच्या समोर दोन फुल्या. झोताचा मध्य फुलीच्या दोन बोटे खाली यायला हवा. दोन बोटे म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. त्या उताराने चाललेला झोत शंभर-सव्वाशे मीटरवर रस्त्याला टेकतो. बोटभर चूक भिंतीवर दिसत नाही, रस्त्यावर ती झाडाच्या शेंड्याला जाते. हेडलाइटचा डिपरही त्याच वेळी पाहून घेतला. त्याची वरची कड हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा चार बोटे खाली हवी. मग भाच्याने हुकूम सोडला: “मामी, तुम्ही मागे बसा. डिकीत सामान टाका.” मागे वजन आले की गाडीचे नाक वर होते आणि दिवेही वर पाहू लागतात, म्हणून नेहमीच्या ओझ्यानिशी जुळणी करायची. सौभाग्यवती, शेजारची दोन मुले आणि धान्याची गोणी, असे आमचे नेहमीचे ओझे विधिपूर्वक स्थापन झाले. फुली खरोखरच तीन बोटे वर सरकली.

त्या रात्री आम्ही निघालो. निगडीला भक्ती-शक्ती शिल्पापाशी तुकोबा आणि शिवराय समोरासमोर उभे आहेत. तिथपर्यंत शहराचाच उजेड इतका, की आमच्या दिव्यांना काही काम नव्हते, आणि नसायलाच हवे. देहूरोडची छावणी मागे टाकून, सोमाटणे फाट्यावरून तळेगावला आलो. या तळेगावाचे उजेडाशी जुने नाते आहे. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभे करावेत, अशी अंताजी दामोदर काळे यांची कल्पना होती. त्या पैसा फंडातून 1908 साली इथे काच कारखाना निघाला. ज्या काळात कंदिलाची काच फुटली तर परदेशी काच आणावी लागे, त्या काळात एकेका पैशाने उभारलेली ती भट्टी होती.

तळेगावहून चाकणचा रस्ता धरला. इंदोरीपाशी इंद्रायणी ओलांडली आणि अंधार सुरू झाला. पुढे रिकामा रस्ता, मागे कोणी नाही. मी अप्पर दिला, बटन दाबले. लांबवर रस्ता उलगडत गेला. कडेच्या बाभळी, मैलाचा दगड, एक कुत्रे, आणि खूप पुढे काहीतरी काळे. वेग कमी केला. दांडीला ना मागचा दिवा ना लाल काच, असा रिकामा ट्रॅक्टर-ट्रॉली कडेला उभा होता. अंतर दुप्पट दिसायला उजेड चौपट लागतो. त्या चौपट उजेडाची किंमत त्या एका क्षणात वसूल झाली.

सुदुंबरे आले. इथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी मूळचे चाकणचे. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. ज्यांच्या घाण्याच्या तेलावर गावची निरांजने जळत असतील, त्यांच्याच हाताने तुकोबांची वाणी कागदावर उतरून टिकली. कार्तिकात आळंदीची यात्रा भरते तेव्हा या मुलुखातल्या रस्त्यांनी दिंड्या चालतात, कधी पहाटे, कधी उन्हे कलल्यावर. पालखीमागची म्हातारी माणसे, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेलाच असतात. त्यांना डिपर देता येत नाही. त्यांना फक्त हात डोळ्यांवर धरता येतो.

महाळुंगेपासून कारखान्यांची ओळ सुरू झाली आणि दुसरी पाळी सुटण्याची वेळ झाली. समोरून मोटरसायकलींची रांगच आली. मी दांडी ओढली. चारही झोत खाली आले, म्हणजे दोन खाली आले आणि दोन विझले. एकापाठोपाठ एक मोटरसायकली गेल्या. पुढे एक भला मोठा कंटेनर येत होता. त्याचे अप्पर सूर्यासारखे. मी आधीच डिपरवर होतो. दोन क्षण गेले, आणि त्यानेही दिवा खाली केला. मागच्या सीटवरून सौभाग्यवती म्हणाली, “ओळख ना देख, पण बोलला हो माणूस.”

चाकणच्या चौकात आम्ही चहा घेतला. जवळच संग्रामदुर्ग आहे. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शायिस्तेखानाची फौज इथे जवळजवळ 56 दिवस रोखून धरली होती. आता तटाचे अवशेष तेवढे उरले आहेत, आणि भोवती ट्रकांचा वेढा आहे. टपरीवर पाळी संपवून आलेली पोरे बसली होती. कोणी मराठवाड्यातला, कोणी बिहारचा, कोणी विदर्भातला. चहा संपवून ती हेल्मेट चढवीत, एकेक करून अंधारात निघून जात होती. आपापल्या छोट्या दिव्याच्या भरवशावर, आणि समोरून येणाऱ्यांच्या.

परतताना नाशिक रस्त्याने कुरुळी, मोशी, भोसरी असे आलो. हिशेब ठेवण्याची खोड भाच्याला असल्याने त्याने घड्याळ लावून पाहिले होते: एवढ्या सगळ्या फेरीत आमचे नवे दिवे उणीपुरी अकरा मिनिटे पेटले होते. बाकी सर्व वेळ ते विझलेलेच होते. “म्हणजे पैसे वाया गेले म्हणायचे का?” मी विचारले.

“नाही मामा. बसवलेत तसेच चालले.”

पंधरा दिवसांनी भाऊबीज आली. बहिणीने ओवाळले. निघताना ती नेहमीप्रमाणे म्हणाली, “दादा, रात्रीची वेळ आहे, जपून जा.” भाच्याच्या गुडघ्याची गोष्ट तिला अजून ठाऊक नव्हती, मीही काही बोललो नाही. राजगुरुनगरच्या अलीकडे रस्ता रिकामा मिळाला तेव्हा दोन मिनिटे दिवे लावले. मग दूरवर एक एकुलता दिवा दिसला. सायकल असेल, मोटरसायकल असेल, एका डोळ्याने अधू झालेला ट्रकही असेल. कोणीतरी आपल्या घरी चालले होते, एवढे नक्की. मी दांडी ओढली.